ईएमटी-बेसिक झालं, १०८ ला डॉक्टरच लागतात, स्किल टेस्टही निघाली नाही. नाशिकमध्ये पुढचा रस्ता कोणता?

सिन्नरफाटा

नमस्कार मंडळी. बारावी सायन्सनंतर ईएमटी-बेसिकचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) कोर्स केलाय, लेव्हल ४ चं स्किल सर्टिफिकेट हातात आहे. सध्या नाशिकरोडला खासगी ॲम्ब्युलन्सवर अटेंडंट. राहायचं याच क्षेत्रात आहे, पण तीन ठिकाणी गाडं अडलंय.

१०८ ला चौकशी केली तर "बीएएमएस, बीएचएमएस असाल तर या" म्हणाले. एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाची स्किल टेस्ट दिली, ती सीपीआर, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ईसीजी या तिन्हींत अडली; नेमकं कुठे बिघडलं ते सांगायची पद्धत तिथे नाही. आणि आत्ताच्या कामाचा पगार रोख मिळतो, त्यामुळे उद्या अनुभव दाखवायचा कसा हा प्रश्न. घरचे म्हणतात, अंबडला कंपनीत चिकट.

एवढ्या सर्टिफिकेटवर नाशिकमध्ये कुठवर जाता येतं? पुढे शिकायचं तर काय? टेस्टची तयारी कशी करायची? "मेहनत कर, फळ मिळेल" हे घरी फुकट मिळतं, ते सोडून काहीही सांगा.

---

द्वारका_ते_आडगाव

१०८ चा गुंता आधी सोडवू, कारण बरीच मुलं तिथेच उमेद घालवून बसतात.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली: २३३ एएलएस (प्रगत जीवरक्षक), ७०४ बीएलएस (प्राथमिक जीवरक्षक). तिची रचनाच अशी की गाडीत एक डॉक्टर आणि एक पायलट. डॉक्टर बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. गुजरातेत आणि इतर बऱ्याच राज्यांत १०८ च्या गाडीत मागे ईएमटी बसतो. आपल्याकडे त्या जागी डॉक्टर बसतो. तेव्हा तिथे पुन्हा पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. "आधी पायलट म्हणून शिर, मग बघू" असंही कोणी सांगेल. पायलट हे चालकाचं पद आहे, त्याला लायसन्स वेगळं, बढतीची वाट वेगळी. १०२ गरोदर माता आणि बालकांसाठी, तिथेही तुमच्या सर्टिफिकेटला वेगळी जागा नाही.

आता सर्टिफिकेटचं वजन. २०२१ च्या राष्ट्रीय अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आणि ॲडव्हान्स केअर पॅरामेडिक ही दोन्ही नावं आहेत. पण कायद्याच्या व्याख्येत बसायला शिक्षण किमान २००० तासांचं आणि किमान दोन वर्षांत विभागलेलं लागतं. हेल्थकेअर प्रोफेशनल या वरच्या, पदवीवाल्या गटाला ३६०० तास. काही महिन्यांचा स्किल कोर्स यात बसत नाही. तो वाया गेला असं म्हणत नाही, दार ढकलायला पुरतो. नोंदणीचं बळ मात्र त्याला नाही.

म्हणून पुढे शिकायचं ते डिप्लोमा किंवा पदवी. फी भरण्याआधी कॉलेजकडून तीन गोष्टी लेखी घ्या. पदवी किंवा डिप्लोमा कोण देणार, विद्यापीठ, बोर्ड की संस्था स्वतःच? नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होईल? आणि कॅज्युअल्टीत, ॲम्ब्युलन्सवर किती तास, कोणत्या हॉस्पिटलात? तिसऱ्या प्रश्नाला "आमचं टाय-अप आहे" एवढंच उत्तर आलं आणि हॉस्पिटलचं नाव आलं नाही, तर उठा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्या म्हसरूळलाच आहे. कोणी "संलग्न" म्हणून सांगितलं तर विद्यापीठाच्या यादीत कॉलेजचं नाव आणि त्यापुढे तोच कोर्स, दोन्ही शोधा. कॉलेज संलग्न आणि कोर्स मात्र घरचाच, हा प्रकार असतो.

मधल्या काळात नोकरी कुठे: खासगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, हॉस्पिटलच्या स्वतःच्या ॲम्ब्युलन्स, आणि कारखान्यांची वैद्यकीय केंद्रं (ओएचसी). पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ॲम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते. सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात अशा कंपन्या आहेत. घरचे "अंबडला जा" म्हणतात ना, जा की, पण मशीनवर जाण्याआधी ओएचसीत जागा आहे का विचारा. तिथे प्रथमोपचाराचं सेंट जॉन किंवा रेड क्रॉसचं सर्टिफिकेट हमखास मागतात, ते काढून ठेवा. आणखी एक, सुरगाणा-पेठ ओलांडलं की गुजरात. तिकडची १०८ निवडलेल्या ईएमटींना स्वतः प्रशिक्षण देते. मात्र तिकडच्या जाहिरातीत बहुधा पदवी मागतात, ती अट आधी वाचा.

गाडी निवडायला वाव असेल तर एक बघा. एआयएस-१२५ या मानकाप्रमाणे ॲम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. बी म्हणजे फक्त पेशंट नेणे-आणणे, सी म्हणजे बीएलएस, डी म्हणजे एएलएस. काचेवर "कार्डिॲक" रंगवलं म्हणून गाडी डी होत नाही. आत डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप आहेत का आणि चालू आहेत का ते बघा. बी प्रकारावर वर्षानुवर्षं काढली तर स्ट्रेचर उचलण्यापलीकडे हाताला काही लागत नाही.

---

रात्रपाळी_कॅज्युअल्टी

स्किल टेस्टचं मी सांगते. परीक्षक काय बघतो ते कळलं की निम्मं काम झालं.

सीपीआर. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी मुलं पडतात, कारण पहिलं मिनिट झकास जातं आणि दुसऱ्या मिनिटाला खोली चार सेंटिमीटरवर येते. माणूस दमतो आणि दमल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून तर दर दोन मिनिटांनी, म्हणजे पाच फेऱ्यांनी, माणूस बदलायचा. एकट्याच्या टेस्टमध्ये बदली नसते, तेव्हा ताकद वाचवावी लागते: गुडघे पेशंटच्या छातीलगत, कोपर ताठ, खांदे बरोबर तळहातांच्या वर, आणि जोर कमरेतून. दंडाने दाबणारा दीड मिनिटात संपतो. दुसरी हमखास चूक म्हणजे वर येताना छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, पुढचा दाब रिकामा जातो. फीडबॅकवाल्या मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) हे लगेच दिसतं. तिसरी, श्वास देताना होणारा खंड. दाबांमधली विश्रांती दहा सेकंदांच्या आत हवी. मास्क बसेना म्हणून तिथेच झटत राहू नका. दोनदा प्रयत्न, मग परत दाब.

घरी सराव करायचा तर मोबाइलवर मेट्रोनोम ११० वर लावून लय पक्की करा. खोली मात्र मॅनिकिनशिवाय येत नाही, आणि जिवंत माणसाच्या छातीवर सराव करायचा नाही, मित्र कितीही तयार असला तरी.

अंबू बॅग. मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते. पेशंटला एका श्वासाला लागते ५०० ते ६०० मिलि. दोन्ही हातांनी पूर्ण पिळली की जादा हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते, ती फुफ्फुसात जाते. एका सेकंदात एक श्वास, छाती जराशी उचलली की थांबा. श्वासनलिकेत नळी टाकलेली असेल तर दर सहा सेकंदांनी एक. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस श्वास देतो. छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी पडतं. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" मोजा. मास्क धरताना जबडा मास्ककडे वर ओढायचा, मास्क तोंडावर खाली दाबायचा नाही. दुसरा माणूस असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क, दुसऱ्याने बॅग; परीक्षक हे मुद्दाम बघतात. ऑक्सिजन साठवणारी रिझर्व्हायरची पिशवी लावलेली आहे आणि ती फुगलेली आहे, हे तोंडाने बोला. ओरल एअरवेचं (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची नळी) माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. शुद्धीत असलेल्याला घालायची नाही, ओकारी येते. सक्शन मोठ्यांना एका वेळी दहा ते पंधरा सेकंद, तेही नळी बाहेर काढताना.

ईसीजी. सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, कारण छातीवरच्या व्ही-१ आणि व्ही-२ या लीड जागेपेक्षा वर लागतात. गळ्याखाली बोट ठेवून छातीच्या मधल्या हाडावरून खाली या, आडवा उंचवटा लागेल. त्याच्या शेजारची ती दुसरी बरगडी. तिच्याखालची फट दुसरी. तिथून तिसरी, चौथी मोजा. चौथ्या फटीत हाडाच्या, पेशंटच्या उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२. मग व्ही-४ आधी लावा: पाचवी फट, हसळीच्या मध्यापासून सरळ खाली. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मध्ये. व्ही-५, व्ही-६ हे व्ही-४ च्याच आडव्या रेषेत, काखेच्या पुढच्या कडेखाली आणि काखेच्या मध्याखाली. फासळीच्या उताराबरोबर वर चढवू नका. बाईपेशंट असेल तर परवानगी विचारणं, चादर घेणं आणि स्तनाच्या खाली लीड लावणं यालाही गुण असतात. कागद हातात आला की लीड एक आणि एव्हीआर बघा: लीड एक उलटा आणि एव्हीआर सरळ दिसला तर हाताच्या वायरींची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता पहिली. चालत्या गाडीत काढलेला ईसीजी थरथरतो, दोन मिनिटं गाडी बाजूला घ्यायला लावा.

आणि हँडओव्हर. याची तयारी कोणी करत नाही आणि डॉक्टर माणूस ओळखतात तो इथेच. वय, वेळ, काय झालं, कुठे लागलं, आकडे, काय केलं, याच क्रमाने, पाऊण मिनिटात. "पुरुष, अंदाजे ३५. सात चाळीसला राहुड घाटात दुचाकी-ट्रक धडक, हेल्मेट नाही. डावी मांडी वाकडी, पोट कडक, कानातून रक्त. पल्स १२८, बीपी ९० बाय ६०, श्वास २८, सॅच्युरेशन ८८ होतं ते १२ लिटरवर ९४, जीसीएस १३. कॉलर, स्पाइन बोर्ड, स्प्लिंट, एक लाइन चालू. औषध काही दिलेलं नाही." बस. "सर, पेशंट सीरियस आहे" याने कोणालाच काही कळत नाही.

बीएलएस, एसीएलएस या जीवरक्षक कोर्सांच्या कार्डांबद्दल: अमेरिकन हार्टचं कार्ड दोन वर्षं चालतं. आपल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलचे सीओएलएस, बीसीएलएस, सीसीएलएस हे कोर्सही आहेत. जिथे अर्ज करणार तिथे कोणतं कार्ड चालतं ते आधी विचारा. घरबसल्या व्हिडिओ बघून, मॅनिकिनला हात न लावता मिळणारं कार्ड घेऊ नका, एचआरवाले ऑनलाइन पडताळतात. आणि ईएमटी-बेसिकवर लगेच एसीएलएसच्या मागे लागायची घाई नको. ईसीजीवरचे हृदयाचे रिदम ओळखता येत नसतील तर ते दोन दिवस डोक्यावरून जातात आणि फी बुडते.

---

गंगापूररोड

माझं मत वेगळं आहे. वय बसत असेल तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करा. तीन वर्षं, नर्सिंग कौन्सिलची पक्की नोंदणी, आणि कॅज्युअल्टी, आयसीयू, एएलएस गाडी, एअर ॲम्ब्युलन्स सगळीकडे चालतं. ईएमटीच्या नोंदणीची घडी बसेपर्यंत वाट बघण्यात तरुणपण घालवू नका.

---

द्वारका_ते_आडगाव

@गंगापूररोड पोटापाण्याच्या हिशेबाने बरोबर आहे, खोडून काढत नाही. पण जीएनएमच्या तीन वर्षांत वॉर्ड, प्रसूती, कम्युनिटी हेच बहुतांश. उलटलेल्या गाडीतून माणूस काढणं, मान सांभाळणं, अंधारात लाइन लावणं हे नंतर वेगळं शिकावं लागतं. रस्त्यावरचं कामच आवडत असेल त्याने हे मोजून ठरवावं. आणि कोणाला नीटला बरे मार्क असतील तर बीएएमएस करून १०८, पुढे पुण्यात सिंबायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पीजी डिप्लोमा, अशीही वाट आहे. लांबची आहे, साडेपाच वर्षं बीएएमएसलाच.

---

सिन्नरफाटा

@रात्रपाळी_कॅज्युअल्टी ताई, ईसीजीचं आता डोक्यात बसलं, फटी मोजायला कोणी शिकवलंच नव्हतं. सगळ्यांचे आभार.

एक विचारायचं राहिलं. आमच्या गाडीची बरीच कामं नाशिक-मुंबई ट्रान्सफरची. ऑक्सिजन किती घ्यायचा हे चालक अंदाजाने ठरवतो. त्याचं काही गणित असतं का?

---

कसारा_उतार

असतं, आणि ते अटेंडंटला आलंच पाहिजे. अंदाजाचा ऑक्सिजन बहुतेक वेळा भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये संपतो.

सिलिंडरमधले लिटर म्हणजे गेजवरचा दाब (बारमध्ये) गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता. बी-टाइपची क्षमता दहा लिटर. गेज १५० दाखवत असेल तर १५०० लिटर. त्यातले शेवटचे १५ मोजायचे नाहीत, ती राखीव. म्हणजे हातात १३५०. पेशंट १० लिटरवर असेल तर १३५ मिनिटं, १५ लिटरवर ९०. गेज ७० वर असेल तर ५५० लिटर, १० लिटरवर ५५ मिनिटं.

आता मुंबई. नाशिकहून १६५-१७० किलोमीटर, दारापासून दारापर्यंत चार तास धरा. २४० मिनिटं गुणिले १० लिटर म्हणजे २४०० लिटर. दोन भरलेले बी-टाइप २७०० देतात, कागदावर पुरतात. घाटात कंटेनर आडवा झाला आणि एक तास गेला की ६०० आणखी, एकूण ३०००. म्हणजे तिसरा बी-टाइप, नाहीतर गाडीत ७००० लिटरचा जंबो. टर्बाइन नसलेला व्हेंटिलेटर स्वतः चालायलाही ऑक्सिजन खातो, त्याचा खप मॅन्युअलमध्ये बघून वेगळा धरा.

सिलिंडर भरलेला असून उपयोग होत नाही त्याची कारणं बहुधा फुटकळ असतात. स्पिंडलची चावी दुसऱ्या गाडीत राहिलेली. रेग्युलेटरचा वॉशर गेलेला, उघडलं की फुस्स. रेग्युलेटर पिन-इंडेक्सचा आणि सिलिंडर बुलनोजचा, म्हणजे जोडणीच जुळत नाही. म्हणून पाळी सुरू होताना सिलिंडर नुसता बघायचा नाही. उघडायचा, गेज वाचायचं, फ्लोमीटर १५ वर नेऊन परत बंद करायचा, आणि आकडा लिहायचा. जोडणीला तेल, ग्रीस, सॅनिटायझरचे ओले हात लावायचे नाहीत, आग लागते. त्याच वेळी सक्शनची बॅटरी प्लग काढून, डिफिब्रिलेटरची सेल्फ-टेस्ट आणि पॅडची मुदत, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची मुदत, तिन्ही मापांच्या अंबू बॅगा, स्ट्रेचरचं लॉक. पंधरा मिनिटांचं काम.

निघण्याआधी समोरच्या हॉस्पिटलातल्या स्वीकारणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि बेड पक्का आहे का हे विचारा. "बेड आहे, या" असं कोण म्हणालं ते माहीत नसेल तर गाडी हलवू नये. नळी टाकलेली असेल तर दाताशी किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून घ्या, चालू ड्रिपचे रेट लिहून घ्या, लघवीची पिशवी रिकामी करा, पंपाची बॅटरी बघा. वाटेत सॅच्युरेशन अचानक पडलं तर डॉक्टर तपासेल ते याच क्रमाने: नळी सरकली का, तुंबली का, फुफ्फुसाभोवती हवा साठली का, यंत्र बिघडलं का. तुमचं काम आधीच अंबू बॅग जोडून हातात ठेवणं. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल आणि सोबत डॉक्टर नसेल तर ती ट्रान्सफर घेऊ नका, मालक काहीही म्हणो. डॉक्टरच्या आदेशाशिवाय इंजेक्शनही देऊ नका. नोंदणी नसताना दिलं तर निस्तरताना सोबत कोणी नसतं.

समृद्धीचं विचाराल म्हणून सांगतो. इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ पासून खुला आहे, बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. पण उतरता येतं ते ठरावीक इंटरचेंजलाच. पेशंट वाटेत बिघडला तर जुन्या हायवेला घोटी, शहापूरला कुठेतरी शिरता येतं. तब्येत डळमळीत असेल तर रस्ता निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

---

फॉर्म_सोळा

अनुभवाच्या दाखल्याचं. ईएसआय (कामगार विमा) साधारण दहा माणसांच्या आस्थापनेला, २१,००० पर्यंतच्या पगाराला. पीएफ वीस माणसांपासून. दोन गाड्यांच्या मालकाकडे यातलं काही नसणार, तेव्हा त्याच्याशी त्यावरून भांडण्यात वेळ घालवू नका. पगार रोखीऐवजी बँकेत किंवा यूपीआयने मागा आणि नोंदीत महिना लिहायला सांगा. लेटरहेडवर रुजू तारखेचं दोन ओळींचं पत्र आत्ताच घ्या, सोडताना कोणी देत नाही.

त्याहून उपयोगी म्हणजे स्वतःची लॉगबुक. तारीख, केसचा प्रकार, हाताने काय केलं (कॉलर, स्प्लिंट, सक्शन, ईसीजी, सीपीआर), कोणाच्या देखरेखीखाली. पेशंटचं नाव, फोटो काहीही नको, फक्त वय आणि केस. जमेल तिथे उतरवून घेणाऱ्या कॅज्युअल्टी डॉक्टरची सही. मुलाखतीत "दोन वर्षांचा अनुभव" हे कोणीही म्हणतो, सह्यांची वही मात्र क्वचितच कोणी आणतो.

मोठ्या कंत्राटदाराकडे लागलात की यूएएन (पीएफचा क्रमांक) चालू करून दर महिन्याला पासबुक बघा. पगारातून कापलं आणि पासबुकात आलं नाही तर दुसऱ्याच महिन्यात तक्रार, वर्षभर थांबून नाही. कंत्राटदाराने पगार थकवला तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावरही येते, म्हणून अर्जाची एक प्रत तिकडेही द्या.

मारहाणीचं कोणी बोललं नाही म्हणून: २०१० च्या राज्याच्या कायद्यात वैद्यकीय सेवेतल्या माणसावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड आहे, आणि पॅरामेडिकल माणूसही त्यात येतो. जमाव तापला की मात्र कलम सांगत बसू नका. पेशंट गाडीत, दार बंद, गाडी पुढच्या चौकात, मग फोन.

---

रामकुंड_स्टँडबाय

सिंहस्थाचा विषय कसा निघाला नाही? मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. अशा मेळ्याला तात्पुरती माणसं लागतात, आणि नवख्याला एका महिन्यात जेवढ्या प्रकारच्या केस तिथे दिसतात तेवढ्या गाडीवर वर्षभरात दिसत नाहीत. कंत्राटाच्या जाहिरातींवर आत्तापासून नजर ठेवा, स्वयंसेवक म्हणून रेड क्रॉस, सेंट जॉनकडेही नाव देता येतं.

तयारी वेगळी लागते. पावसाचे दिवस: घाटावर घसरून मनगट, खुबा मोडणं, बुडणं, उपाशीपोटी स्नानाला आलेल्या मधुमेह्यांची साखर उतरणं, म्हाताऱ्यांना दम लागणं. ग्लुकोमीटर खिशात हवा. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पंचवटीतल्या तसल्या अरुंद उतारावर चाकांचं स्ट्रेचर जात नाही, तिथे कापडी स्ट्रेचर आणि चार माणसं. गर्दीत दबलेल्याच्या अंगावर जखम दिसत नाही, छाती आवळून श्वास थांबलेला असतो. बाहेर काढून श्वासमार्ग मोकळा करणं आणि बॅग, हेच पहिलं.

ट्रायज (कोणावर आधी उपचार ते रंगाने ठरवणं, लाल सगळ्यात आधी) पाठ करा. चालता येतं तो हिरवा. श्वास नाही, मान नीट करूनही नाही, तो काळा. मान नीट केल्यावर आला तर लाल. श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांहून जास्त, किंवा "हात उचला" म्हटलेलं कळत नाही, यातलं एकही असेल तर लाल. उरलेला पिवळा. एका माणसावर अर्धा मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटात सीपीआर सुरू करायचा नाही. नवख्यांना हेच सगळ्यात जड जातं. काळी पट्टी बांधून पुढे जायला सरावच लागतो, तोंडपाठ असून भागत नाही.

---

रात्रपाळी_कॅज्युअल्टी

वरच्या शेवटच्या ओळीला जोडून. केस गेल्यावर पाळी संपायच्या आत टीमसोबत दहा मिनिटं बोलून घ्या: काय झालं, काय उशिरा झालं, कोणतं सामान सापडलं नाही. दोष कोणाचा ते नको. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. या कामातून माणसं बाहेर पडतात त्यात पगाराइतकंच हेही कारण असतं. दुसरं म्हणजे कंबर. वाकून उचलायचं नाही, गुडघ्यातून बसून उचलायचं, पेशंट अंगाजवळ, आणि कमरेतून वळायचं नाही, पाय वळवायचे. जिन्यावरून उतरवताना पेशंटचे पाय पुढे.

---

फॉर्म_सोळा

एक राहिलं. डिप्लोमाला अर्ज करण्याआधी दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार, स्किल सर्टिफिकेट आणि बँक खातं समोरासमोर ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे नुसतं आद्याक्षर, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त, एवढ्यावरून नोंदणीचा अर्ज परत येतो. आधार दुरुस्ती केंद्रावर होते. स्किल सर्टिफिकेटचं नाव ट्रेनिंग सेंटरमार्फत दुरुस्त करायला लावा, आणि सेंटर बंद पडायच्या आत. नावच बदललं असेल तर राज्य राजपत्रात प्रसिद्धी, त्याची छापील प्रत जपून. हे सगळं प्रवेश सुरू व्हायच्या आधी उरका, जून-जुलैत सेतूला रांगा असतात.